रोमिओ-ज्युलिएटमधला बाप कसा वाचायचा? आणि चूक नक्की कोणाची?

कोठीवरचा_वाचक:

नमस्कार मंडळी. बडोद्यातून लिहितोय. आमचा आठ-दहा जणांचा नाटक वाचायचा ग्रुप आहे, दर दुसऱ्या रविवारी संध्याकाळी दांडिया बाजारात एकांच्या घरी जमतो आणि पात्रं वाटून घेऊन मोठ्यानं वाचतो. बहुतेक रिटायर्ड मंडळी, दोन-तीन कॉलेजची मुलंही येतात. सौभद्र झालं, शारदा झालं, आता आमच्यातल्याच एका सरांनी रोमिओ-ज्युलिएट मराठीत केलंय, वहीत हातानं लिहून, त्याच्या झेरॉक्स सगळ्यांना वाटल्यात. चिठ्ठ्या टाकल्या त्यात माझ्या वाट्याला ज्युलिएटचा बाप आला, म्हातारा कॅप्युलेट.

मी आजवर हे नाटक म्हणजे दोन घराण्यांचं वैर एवढंच समजत होतो. कॉलेजात होतं तेव्हा गाईड वाचून पास झालो. आता नीट वाचतोय तर वैर राहिलं बाजूला, हा बापच डोक्यातून जात नाही. पहिल्या अंकात पॅरिस मागणी घालायला येतो तेव्हा किती समजुतीनं बोलतो बघा, पोरगी अजून चौदाचीही नाही, दोन उन्हाळे जाऊ देत, आणि तू आधी तिचं मन जिंक, ती हो म्हणाली पाहिजे, माझी इच्छा त्यानंतर. मी म्हटलं वा, चारशे वर्षांपूर्वीचा बाप आणि इतका मोकळा. आणि तिसऱ्या अंकात हाच माणूस सोमवारी रात्री पोरीला न विचारता पॅरिसला शब्द देऊन टाकतो, गुरुवारी लग्न, आणि ती नको म्हणाली तर फरफटत नेईन, माझे हात शिवशिवतायत, भीक माग, उपाशी मर, रस्त्यावर मर, मी तुला ओळखणार नाही. हा एकच माणूस आहे का दोन? मला वाचताना सांधाच सापडत नाहीये.

खरं सांगायचं तर प्रश्न एवढाच नाहीये. माझी मुलगी २८ वर्षांची आहे, पुण्याला नोकरी करते. गेल्या गणपतीत घरी आली तेव्हा तिनं एका मुलाबद्दल सांगितलं, जात वेगळी, भाषा वेगळी, आणि मी पुढचं काही ऐकलंच नाही. आवाज चढला. मी जे बोललो ते इथे लिहीत नाही पण शेवटचं वाक्य असं होतं की मग या घराशी तुझा संबंध संपला. तेव्हापासून तिचा फोन आईला येतो, मला येत नाही. मी खोलीत गेलो की ही फोन घेऊन गॅलरीत जाते. परवा रात्री ही वही घेऊन प्रॅक्टिसला बसलो होतो, तो सीन मोठ्यानं वाचायला लागलो आणि चार ओळींनंतर हिनं आतून येऊन वही मिटून ठेवली, काही बोलली नाही.

तर जाणकारांना विचारतो. ज्युलिएट मेली त्याला हा बाप जबाबदार आहे का? का मुलांनी घाई केली, लपवलं, आणि नशीब वाईट निघालं? आणि याला रंगवायचा कसा, व्हिलन म्हणून वाचू का?

नेपथ्यातून:

काका, मी इथेच युनिव्हर्सिटीत परफॉर्मिंग आर्ट्सला आहे, नाट्य शिकते. हा सीन आम्ही क्लासमध्ये केलाय, मी ज्युलिएट होते, म्हणून मला जे कळलं ते सांगते.

व्हिलन म्हणून वाचू नका प्लीज. माणूस एकच आहे, मधे फक्त एक दिवस गेलाय पण तो दिवस कसा गेलाय ते बघा. त्याच दुपारी रोमिओच्या हातून टिबाल्ट मारला गेलाय, बायकोचा भाचा, घरातला तरणा मुलगा. बाकीची सगळी मुलं त्यानं आधीच पुरलीयत, हे तो पहिल्या अंकात पॅरिसला सांगतो, ही एकच उरलीय. वरून गावचा राजा चिडलाय, आणि पॅरिस त्या राजाचा नातलग. घाबरलेला माणूस आहे तो. पॅरिसला शब्द देताना तो स्वतःच म्हणतो की मी जरा धाडस करतोय, पण पोरगी माझ्या शब्दाबाहेर नाही. म्हणजे आत कुठेतरी त्याला माहितीय की विचारायला हवं होतं. आणि त्याला मनापासून वाटतंय की पोरगी टिबाल्टसाठी रडतेय, लग्नाची गडबड सुरू झाली की सावरेल. ती नवऱ्यासाठी, गुपचूप लग्न केलेल्या रोमिओसाठी रडतेय हे त्याला कोण सांगणार.

आता एंट्री बघा. तो ओरडत येत नाही हो. तो येतो तेव्हा तिचे डोळे म्हणजे समुद्र, अंग म्हणजे होडी, उसासे म्हणजे वारा असं काहीतरी गोड बोलत येतो, लाडात. चांगली बातमी घेऊन आलेला बाप आहे. मग कळतं की तिला नकोय, आणि तिथून पुढे तो एकामागून एक प्रश्न विचारतो, काय, नको म्हणते? उपकार वाटत नाहीत? अभिमान वाटत नाही? आणि एकाही प्रश्नाच्या उत्तरासाठी थांबत नाही. ज्युलिएट गुडघ्यावर बसून म्हणते, एक शब्द ऐकून घ्या. तो म्हणतो बोलू नकोस, उत्तर देऊ नकोस. आमच्या सरांनी त्या जागी आम्हाला दोन तास अडकवून ठेवलं होतं, ते म्हणायचे की आवाज चढवू नका, घाई वाढवा, तिला श्वास घ्यायला जागाच देऊ नका. ते जास्त भयंकर होतं.

अजून एक. हे कथानक शेक्सपिअरचं स्वतःचं नाही, १५६२ ची आर्थर ब्रुकची इंग्लिश कविता होती त्यावरून घेतलंय. त्या कवितेत ज्युलिएट सोळाच्या जवळची आहे आणि सगळं महिनोन्‌महिने चालतं. शेक्सपिअरनं तिला तेराची केली आणि महिन्यांचे चार-पाच दिवस केले. आणि एवढं करून बाप चौथ्या अंकात लग्न अजून एक दिवस अलीकडे आणतो, गुरुवारचं बुधवारी! म्हणजे ही घाई लेखकानं मुद्दाम कालवलीय त्यात.

आणि बाप गेल्यावर काय होतं तेही वाचा, बरेच लोक ते कट करतात. आई म्हणते तुला काय करायचं ते कर, माझा तुझा संबंध संपला. मग दाई, जिनं अंगावर पाजून वाढवलं, जिनं रोमिओचे निरोप आणले, ती म्हणते जाऊ दे ग, पॅरिस बरा आहे, रोमिओ त्याच्यापुढे फडकं. दहा-पंधरा मिनिटांत तीन माणसं. मला बापाच्या ओरडण्यानं रडू आलं नव्हतं, दाईच्या त्या समजावण्यानं आलं. त्यानंतर ज्युलिएट कोणालाच खरं सांगत नाही, सुरी घेऊन, ज्यानं त्यांचं लग्न लावलं त्या फादर लॉरेन्सकडे जाते. म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की बाप एकटा जबाबदार नाही पण पहिलं दार त्यानं लावलं.

सुरसागर_काठ:

मी थोडं विरुद्ध बोलणार आहे, राग मानू नका. मलाही दोन मुलं आहेत, दोघांची लग्नं झाली, एकाचं त्याच्या पसंतीनं. पण नाटक वाचताना आईबापांना फाशी द्यायची ही जी पद्धत झालीय ती मला पटत नाही.

कॅप्युलेटच्या घरी मेजवानी असते तिथे रोमिओ चोरून येतो. टिबाल्ट त्याला ओळखतो, तलवार मागवतो. तेव्हा हाच म्हातारा टिबाल्टला दरडावतो की गप्प बस, मुलगा चांगल्या वळणाचा आहे, सगळं व्हेरोना त्याचं नाव काढतं, माझ्या घरात त्याचा अपमान होणार नाही. शत्रूच्या मुलाबद्दल! मग मला सांगा, या बापाला कोणी एकदा तरी येऊन सांगितलं का की आमचं असं असं आहे? नाही. भेट झाल्यावर दुसऱ्याच दिवशी लग्न उरकून मोकळे. फादर लॉरेन्स एवढा मोठा माणूस, दोन्ही घरं मानतात त्याला, त्यानं बापाकडे जायचं सोडून गुपचूप लग्न लावलं. मला तर सगळ्यात जास्त दोष त्याचा वाटतो. बापाला माहिती नसलेल्या गोष्टीवर त्यानं निर्णय चुकीचा घेतला, पण माहिती दिलीच नाही ना.

आणि कोठीवरच्या काकांना सांगतो, तुमच्या मुलीनं तरी समोर येऊन सांगितलं. ते तुम्ही विसरू नका.

नेपथ्यातून:

@सुरसागर_काठ काका, रोमिओची स्तुती केली ते खरंय, तो पॉइंट मी विसरलेच होते. पण तेरा वर्षांच्या मुलीनं जाऊन सांगायचं, आणि टिबाल्ट मेल्यावर? खुन्याचीच बायको आहे मी असं? एक शब्द ऐका म्हणाली तेव्हा कदाचित तेच सांगणार होती, आपल्याला कळणारच नाही, कारण बोलूच दिलं नाही.

माळव्याची_लेक:

छान चाललंय बोलणं. मी मूळची इंदूरची, लग्न होऊन बडोद्याला आले त्याला एकतीस वर्षं झाली, शाळेत इंग्लिश शिकवायचे.

मला या विषयात नेहमी एक गोष्ट खुपते. आईबापांचं ऐकलं असतं तर वाचली असती असं आपण पटकन म्हणतो, तर मग ओफेलियाचं काय? हॅम्लेटमधली. तिला बाप म्हणतो त्या मुलाशी बोलायचं नाही, ती म्हणते बरं बाबा. पत्रं परत कर, करते. भेटू नको, नाही भेटत. उद्या त्याच्यासमोर जाऊन उभी राहा, आम्ही पडद्यामागून ऐकतो, तेही करते. एका शब्दानं उलटून बोलत नाही ती पोरगी, आणि शेवटी वेडी होऊन पाण्यात जाते. आगरकरांनी १८८३ साली विकारविलसित नावानं हे नाटक मराठीत आणलं, तेच आगरकर जे बालविवाह आणि संमतिवयावर आयुष्यभर भांडले, मला नेहमी वाटतं की ओफेलियाचे संवाद लिहिताना त्यांच्या मनात आपल्या घराघरातल्या मुली आल्या असणार.

आता उलटं बघा, ऑथेल्लोमधली डेस्डिमोना. ती ऐकत नाही, रात्री घरातून निघून जाऊन ऑथेल्लोशी लग्न करते, आणि दुसऱ्या कोणाकडून निरोप न पाठवता भर सभेत बापासमोर उभी राहून सांगते की आई जशी तिच्या वडिलांना सोडून तुमच्याकडे आली तशी मी आता यांची. बाप काय करतो, जाताना जावयाला म्हणतो, सांभाळ हिला, हिनं बापाला फसवलं, तुलाही फसवेल. संतापात टाकलेलं एक वाक्य. बाप पुढे दिसतही नाही नाटकात, शेवटी कळतं की तो दुःखानं मेला. पण ते वाक्य जिवंत राहतं. तिसऱ्या अंकात ऑथेल्लोच्या हाताखालचा कपटी इयागो तेच वाक्य उचलून ऑथेल्लोच्या कानात घालतो, हिनं बापाला फसवलं होतं ना, आणि तिथून पुढे सगळं नासतं. देवलांच्या झुंझाररावात हे मराठीत आलंय, १८९० चं नाटक. काका, रागात मुलीला बोललेलं वाक्य तिच्या संसारात कुठे कुठे फिरतं ते बघायचं असेल तर ते वाचा. मी तुम्हाला दुखवायला नाही लिहीत, माझ्या वडिलांचं एक वाक्य मी तीस वर्षं घेऊन फिरतेय म्हणून लिहितेय.

म्हणजे एक ऐकते, एक उघड विरोध करते, एक लपवते, तिघीही मरतात. मुलगी कशी वागली त्यावर काही ठरतच नाही. मुलग्यांचंही तेच, ग्रीक अँटिगनीमध्ये क्रेऑन हा राजा पण आहे आणि बापही आहे, मुलगा हायमन त्याच्याकडे येतो तो आधी म्हणतो बाबा मी तुमचाच आहे, मग हळूच सांगतो की पुरात वाकणारं झाड वाचतं, ताठ राहणारं मुळापासून जातं. बाप म्हणतो तुझ्या वयाच्या पोराकडून मी अक्कल शिकू? त्याच दिवशी मुलगा जातो, पाठोपाठ बायको जाते. अडीच हजार वर्षांपूर्वीचं नाटक आणि तो संवाद आमच्या शेजारच्या घरात झालेला मी भिंतीपलीकडून ऐकलाय.

आणि मग सौभद्र घ्या, तुमच्या ग्रुपनं नुकतंच वाचलंय म्हणता. अण्णासाहेब किर्लोस्कर, १८८२. गोष्ट तीच ना? घरातला वडीलधारा बलराम, त्यानं परस्पर ठरवलंय की सुभद्रा दुर्योधनाला द्यायची, तिचं मन अर्जुनावर. तापट माणूस, ऐकून घेणारा नाही. तारीख ठरलेली. सगळं साहित्य शोकांतिकेचं आहे. पण तिथे घरातलाच दुसरा मोठा माणूस, कृष्ण, मुलीच्या बाजूनं आहे, रुक्मिणी आहे. रोमिओ-ज्युलिएटमध्ये खराखुरा संन्यासी मदत करतो आणि त्याची चिठ्ठी साथीच्या बंदोबस्तात अडकून पडते, सौभद्रात खोटा संन्यासी बलराम स्वतः हात धरून घरात आणतो आणि सुभद्रेला त्याच्या सेवेला ठेवतो! आपण हसतो, गाणी ऐकतो, पण मला वाटतं घरातलं एक मोठं माणूस फुटलं एवढाच त्या दोन नाटकांत फरक आहे.

शारदेत तोही आधार नाही. इंदिराकाकू तळमळते, पण कांचनभटानं पैशापायी म्हाताऱ्याला मुलगी द्यायचं ठरवल्यावर आईचं काय चालणार. त्याचा पहिला प्रयोग १८९९ साली आमच्या इंदूरला झालाय, माझी आजी फार अभिमानानं सांगायची, आणि लगेच पुढे सांगायची की तिचं लग्न नवव्या वर्षी झालं.

लष्करकर:

मी ग्वाल्हेरचा, तिथल्या लष्कर भागातला, नोकरीमुळे बडोद्यात. तुम्ही सगळे नाटकातलं बोलताय, मी या गावात घडलेलं सांगतो, कारण ग्वाल्हेर आणि बडोदा दोन्ही त्यात आहेत.

आधी नाटकच. १८७९ साली विष्णु मोरेश्वर महाजनींनी शेक्सपिअरच्या सिंबेलिनवरून तारा नावाचं नाटक केलं. गोष्ट अशी की राजाची मुलगी स्वतःच्या पसंतीनं लग्न करते, राजा जावयाला हद्दपार करतो कारण त्याला ती सावत्र मुलाला द्यायचीय. शेवट गोड आहे पण १६२३ च्या पहिल्या छापील संग्रहात ते शोकांतिकांमध्येच घातलंय. तर हे तारा नाटक बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या लग्नाच्या सोहळ्याच्या निमित्तानं झालं, पुढे बडोदा कॉलेजचे प्रोफेसर असलेले हॅरल्ड लिटलडेल यांनी ते बघून इंग्लंडच्या मासिकात त्यावर लेख लिहिला. महाराज तेव्हा सोळा वर्षांचे, स्वतःचं लग्न ठरवून दिलेलं.

पुढे हेच महाराज देशात सगळ्यात पुढचे सुधारक झाले. १९०४ साली बालविवाहाला बंदी करणारा कायदा केला, मुलगी बाराची आणि मुलगा सोळाचा झाल्याशिवाय लग्न नाही, आज ऐकायला कमी वाटतं पण त्या काळात मोठी गोष्ट होती. मुलीला, इंदिराराजेंना, बडोदा कॉलेजात शिकवलं. आणि मग तिचं लग्न आमच्या माधवराव शिंद्यांशी ठरवलं. ते तिच्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठे, पहिली बायको हयात. १९११ च्या दिल्ली दरबारात तिची गाठ कूचबिहारच्या जितेंद्रनारायण यांच्याशी पडली. लग्नाची तयारी चालू असताना तिनं स्वतः पत्र लिहून शिंद्यांना कळवलं की मी हे लग्न करणार नाही. ग्वाल्हेरहून बडोद्याला तार आली, राजकुमारीच्या पत्राचा अर्थ काय, तेव्हा कुठे आईबापांना कळलं!

आता या ठिकाणी नाटक असतं तर कॅप्युलेटचा सीन झाला असता. आणि झालाही असणार, दीड-दोन वर्षं घरात विरोध होता, कूचबिहारची मंडळी ब्राह्मो समाजाची, मराठा नाहीत, मुलगा धाकटा, गादी मिळायची नाही. पण मुलगी हटली नाही आणि शेवटी आईबापांनी तिला जाऊ दिलं. १९१३ मध्ये लंडनला लग्न झालं, माहेरचं कोणी नव्हतं. लक्ष्मी विलास पॅलेसवरून जाताना मला दर वेळी हे आठवतं, एवढा मोठा राजवाडा आणि लेकीच्या लग्नाला घरचं कोणी नाही.

मी सयाजीरावांना दोष देत नाही, त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे, म्हणूनच ही गोष्ट मनाला लागते. दुसऱ्यांच्या मुलींसाठी कायदा करणाऱ्या माणसालाही स्वतःच्या मुलीपुढे जड गेलं. आणि पुढची पिढी बघा, त्याच इंदिराराजेंची मुलगी गायत्रीदेवी जयपूरच्या महाराजांशी लग्न करते म्हणाली, त्यांना आधीच्या दोन राण्या, तेव्हा या आईनं थांब म्हटलं, वाट बघायला लावली. पण थांब म्हटलं, संबंध संपला नाही म्हटलं. लग्न झालं १९४० साली, आईच्या माहितीत. कॅप्युलेटची दोन उन्हाळ्यांची गोष्ट आठवते ना? पहिल्या अंकातला तो बाप तिथे टिकला.

नेपथ्यातून:

लष्करकर दादा हे मला माहितीच नव्हतं, एवढी वर्षं इथे राहून! आमच्या युनिव्हर्सिटीच्या पहिल्या व्हाइस चॅन्सलर हंसाबेन मेहता, त्यांचे वडील मनुभाई मेहता इथले दिवाण होते. नागर ब्राह्मण घरातल्या हंसाबेननी १९२४ साली जातीबाहेर, डॉक्टर जीवराज मेहतांशी लग्न केलं, जातीनं वाळीत टाकलं होतं त्यांना. पुढे त्यांनीच हॅम्लेट गुजरातीत केलं. लायब्ररीला त्यांचं नाव आहे तिथे मी रोज बसते आणि ओफेलियाचा विचार मात्र आज पहिल्यांदा केला.

सुरसागर_काठ:

माळव्याची लेक ताई, ओफेलियाचं तुमचं म्हणणं मला खोडता येत नाहीये. दोन दिवस विचार केला. फादर लॉरेन्सवरचा माझा राग मात्र तसाच आहे.

कोठीवरचा_वाचक:

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितोय कारण मधे बरंच झालं.

हे सगळं मी प्रिंट काढून हिला वाचायला दिलं. हिनं एकच विचारलं, त्या मुलाचं नाव तरी माहितीय का तुम्हाला? माहिती नव्हतं. मी आडनावावरच थांबलो होतो. आठ-नऊ महिने मी ज्याच्याशी मनातल्या मनात भांडतोय त्याचं नाव मी विचारलं नव्हतं.

परवा मीच फोन लावला मुलीला. तिनं उचलला आणि घाबरून विचारलं, आई बरी आहे ना? तेवढ्यानंच मला पुढचं सुचेना. म्हटलं सगळे बरे आहेत, मी नाटकात बापाचं काम करतोय, वाचन आहे. ती गप्प. मग म्हणाली कोणता बाप. मी सांगितलं. परत गप्प. मग मी त्या मुलाचं नाव विचारलं, तिनं सांगितलं, आणि काय करतो, घरी कोण असतं ते थोडं सांगितलं, मी मधे बोललो नाही, दोनदा तोंडाशी आलं होतं तरी नाही बोललो. गणपतीत जे बोललो त्याबद्दल माफी मागायची होती ती नीट जमली नाही, मी म्हटलं ते वाक्य मी बोलायला नको होतं, ती म्हणाली हं. लग्नाबद्दल माझं मत अजून बदललेलं नाही हेही खरं आहे, तेही तिला सांगितलं. येईन म्हणाली नाही, येणार नाही असंही म्हणाली नाही. रविवारी वाचन कितीला आहे एवढं विचारून ठेवलं तिनं.

नेपथ्यातून बेटा, तू सांगितलंस तसं गोड बोलत एंट्री घेऊन बघतोय, फार अवघड जातंय, पण सांधा सापडला असं वाटतंय. आता अडतोय शेवटाला. दोन्ही पोरं गेल्यावर कॅप्युलेट रोमिओच्या बापापुढे, माँटेग्यूपुढे हात करतो आणि म्हणतो, हात दे भाऊ, हेच माझ्या लेकीचं स्त्रीधन, याहून जास्त मी काही मागू शकत नाही. सरांनी वहीत स्त्रीधन हाच शब्द वापरलाय. मला ती ओळ एका दमात वाचता येत नाही, दर वेळी मधेच आवाज जातो. तुमच्याकडे ती कोणी कशी म्हटली होती? थांबून म्हणायची का सरळ म्हणून टाकायची? जमलं तर रविवारी साडेपाचला तूच ये दांडिया बाजारात, आमच्या ज्युलिएटला गुरुवारपासून ताप आहे.